दोघांच्या बिछान्याची गाडी

नवऱ्याची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत आणि ती पुन्हा मऊ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला आता दीड वर्ष झालं. धूळ-धूर टाळा, जमल्यास दिल्ली सोडा, असंही ते म्हणाले. पाण्यात उभं करायचं आणि भिजू नका म्हणायचं! माझी नोकरी इथे, निवृत्तीला चार वर्षं बाकी, घर सरकारी, त्याचे उपचार माझ्याच नोकरीच्या कार्डावर. पुण्याला बदली मागितली, दोनदा नकार आला. त्याला एकट्याला साताऱ्याला दिरांकडे धाडलं, तर बाराव्या दिवशी दारात हजर. "हवा चांगली आहे, चहा भिकार," म्हणाला. इथे चहा मीच करते आणि तोही काही फार बरा नसतो.

मग माझ्या डोक्यात झोपायची सोय असलेल्या छोट्या व्हॅनचं खूळ शिरलं. पाच दिवस तीच गाडी ऑफिसला न्यायची, शुक्रवारी मागे बिछाना अंथरायचा आणि पहाडाच्या दिशेने सुटायचं. हॉटेलात जिने असतात, कुबट रजया असतात, त्याला दोन्ही सोसत नाही. गाडीत आपली उशी, आपली चादर. आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्याला धड श्वास मिळेल, एवढाच माझा हिशेब होता.

तीस वर्षं फायलींत घालवलेली बाई गाडी कशी निवडणार? मी रीतसर तुलनातक्ता केला. लांबी, उंची, बिछाना, ओटा, इंधन, असे अकरा रकाने. त्याने तो चष्मा लावून वाचला आणि खाली 'पाहिले' असं लिहून सही ठोकली. वर म्हणाला, "आता वर्षभर फिरू दे फाईल." सरोजिनी नगरातल्या आमच्या नव्या टॉवरचं पार्किंग तळघरात आहे. तिथल्या तुळईची उंची मी शिवणाच्या टेपने मोजली. दुसरं टोक पहारेकऱ्याने धरलं होतं. ज्यात माणूस ताठ उभा राहू शकतो अशा सगळ्या गाड्या त्याच संध्याकाळी बाद झाल्या.

पहिली गाडी नोएडात पाहिली. एका निवृत्त इंजिनियरने हौसेने सजवलेली, आत चक्क मसाल्याचा डबा ठेवायला खाच. पण डिझेलची, आणि इकडे डिझेल गाडीला दहा वर्षांची मुदत. तिची सात भरलेली. "अभी तीन साल तो आराम से चलेगी," मालक म्हणाले. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "म्हणजे तिचं नि माझं बरोबरच आटपेल." मला हसू आलं नाही. त्याच्या या विनोदांची मला चीड येते, कारण त्यावर भांडताही येत नाही.

दुसऱ्या शनिवारी मानेसरला गेलो. तिथे सुट्या भागांच्या कारखान्यांमागे एक गॅरेज आहे, तिथे साध्या व्हॅनमध्ये बिछाने बसवून देतात. गॅरेजवाल्यांनी आधी दोघांच्या बिछान्याची गाडी उघडली. फोमला नव्या प्लास्टिकचा वास येत होता. आम्ही शेजारी शेजारी आडवे झालो. छत हाताला लागत होतं. मला तेवढा क्षण फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "छान आहे ना?" तो "छान आहे" म्हणाला आणि लगेच कोपरावर उठला. सपाट झोपलं की त्याला दम लागतो. घरी तो तीन उशांना टेकून झोपतो. पाय खाली सोडून दारात बसला आणि श्वास जागेवर येईपर्यंत कारखान्याच्या भिंतीकडे बघत राहिला. अकरा रकाने आखले मी. तो कसा झोपतो याचा एकही नव्हता. रोज त्याच्या शेजारी झोपते मी.

रात्री त्याला ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते गाडीच्या बॅटरीवर किती चालेल, हे मी विचारलं.

"चार-पाँच घंटे, मैडम. उससे ज़्यादा नहीं," गॅरेजवाले म्हणाले.

दिल्लीतल्या आम्हा मराठी माणसांची एक खोड आहे. घराबाहेर पडलं की हिंदी, पण विकणाऱ्यासमोर मसलत मराठीत. त्याला कळत नाही, आपल्याला मोकळं बोलता येतं. कुर्त्यापासून फ्रिजपर्यंत आमची सगळी खरेदी अशी झाली. "शिवण कच्ची आहे, चल." "घासाघीस कर, देईल." आधी आपसात ठरायचं, मग हिंदीत सांगायचं. म्हणून मी मराठीत सुरू केलं. दुसरी बॅटरी टाकू. ओटा काढून टाकू, चहा बाहेर पिऊ. पाठीशी फळी बसवून घेऊ, म्हणजे तुला टेकून झोपता येईल. मी बोलतच राहिले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

मग माझ्याशी एक शब्द न बोलता तो गॅरेजवाल्यांकडे वळला.

"वो छोटी वाली दिखाइए," तो म्हणाला. "एक बिस्तर वाली. जो मैडम अकेली चला लें, अकेली पार्क कर लें."

पस्तीस वर्षांत त्याने माझ्याशी मराठीत न ठरवता साधी चादर घेतली नव्हती.

"कोण अकेली?" मी ओरडलेच. "मला कुठे जायचंय एकटीला?"

"आत्ता नाही गं," तो म्हणाला. "नंतर."

गॅरेजवाल्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी छोट्या गाडीची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली आणि एक फेरी मारून या म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो आधीच शेजारच्या सीटवर चढून पट्टा लावत होता, आणि पट्टा लावतानाही त्याला धाप लागत होती. त्याच्यासमोर तमाशा करायचं माझ्याने होईना.

कारखान्यांच्या कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांमागून मी ती गाडी हळूहळू चालवली. क्लच हलका होता. आरशात सगळं स्वच्छ दिसत होतं. माझ्या ठेंगण्या अंगाला ती इतकी नेमकी बसली की त्याने ती आधी एकट्याने येऊन पाहून ठेवली असावी, असं वाटून गेलं. विचारायचा धीर झाला नाही. वळणावर तो म्हणाला, "बघ, एका हाताने वळते." खरंच वळत होती. मला ती गाडी अजिबात नको होती, आणि आम्ही तीच घेणार होतो.