गाठीपर्यंत न पोचणारं औषध

“रक्तात घालून बघितलंत का?” आमच्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी एवढं विचारलं की धाटाव गावातल्या आमच्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये सगळ्यांचे चेहरे पडायचे. प्रत्येक कामात अशी खोडा घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्करोगाचं औषध अतिसूक्ष्म कणांत भरून थेट गाठीवर पोचवायचं, हे आमचं काम. मिठाच्या पाण्यात ते कण कसे शहाण्यासारखे वागत! साहेब खूश, आम्ही खूश. बाई मात्र जवळच्या अष्टमी गावातल्या खाटकाकडून थर्मासमध्ये बकऱ्याचं रक्त घेऊन यायच्या. स्वतः अंडंही न खाणाऱ्या. कंपनीच्या बसमध्ये एकानं चहा मागितला, तेव्हा त्यांनी झाकण उघडून दाखवलं. पुन्हा कुणी मागितला नाही.

रक्तात पडले की कणांना प्रथिनं चिकटत. “हळद माखलेल्या नवरीसारखं होतं,” बाई म्हणायच्या, “मूळ तोंड दिसतच नाय. मग लिव्हर त्यांना परके समजून धरतं.” आम्ही कणांवर नाना आवरणं चढवून पाहिली. लिव्हर काही फसेना.

बाईंची धाकटी बहीण पेणला माझ्या शेजारी राहायची. तिच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, गाठ परत आली. मग ती बाईंच्या मागेच लागली.

“तू करतेस ते दे ना गो ताय.”

“ते पोचत नाय गो. वाटेत लिव्हरमधीच अडकतं.”

दर खेपेला हेच. मला बाईंचा रागच यायचा.

एका रविवारी मी आणि बाई तिच्याकडे बसलो होतो. नवे रिपोर्ट आले होते. बहीण उशीला टेकून बसलेली, चेहरा चक्क उजळलेला.

“ताय, आता लिव्हरमधी पण गाठी हायत म्हणे. तुझं औषध तिकडंच जातं ना? मग आता दे की!”

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मला मान वर करवेना.

“तिथं जातं,” त्या म्हणाल्या, “पण गाठीत नाय शिरत गो. लिव्हरचा चांगला भाग हाय, तोच जळेल. हायत ते दिवस पण जातील.”

“तुला द्यायचंच नाय,” बहीण म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

बाई बरोबर होत्या. मला ते तेव्हाही कळत होतं.

बहीण गेल्यावर बाईंनी नोकरी सोडली. कुठे गेल्या, कळलं नाही. त्या रविवारनंतर, बहीण होती तोवर मात्र, त्या रोज काम सुटलं की पेणला यायच्या आणि तिचे पाय चेपत बसायच्या. बहीण पाय ओढून घ्यायची नाही. पण ती त्यांच्याशी बोलली नाही, अगदी शेवटपर्यंत.