साडूंचं खरं काळं

माणसाने जगात कुणाचाही साडू व्हावं, पण आमच्या साडूंचा होऊ नये. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे सणावारी भेटावा, जेवताना आग्रह करावा आणि आपापल्या घरी जावं, एवढाच आपला अंदाज असतो. मी राहतो कामरेजला, ते राहतात नवागामला, म्हणजे मध्ये सगळं सुरत आडवं पडलंय. तरी त्यांचा फोन येतो, "साडूभाऊ, लगेच या, उजेड वाढला," आणि ठेवूनही देतात. पहिल्यांदा मला वाटलं, घरात वायरिंग पेटलं. जेवण टाकून धावलो. तर परदेशात कुणीतरी डोळ्यासमोर धरायच्या नखाएवढ्या पडद्याचा उजेड वाढवला होता, ती बातमी सांगायला मला बोलावलं होतं. मी म्हटलं, "अहो सर, हे फोनवर सांगता आलं असतं." ते म्हणाले, "फोनवर आकृती काढता येत नाही." मग त्यांनी आकृती काढली. माझ्या कोऱ्या रुमालावर काढली.

ते मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. वर्ग तेवढा आटला आणि आता त्यात मी एकटा उरलोय. या वेडामागचं कारण आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्यांना नुसतेच चक्रम समजाल. ताईंच्या, म्हणजे माझ्या या थोरल्या मेहुणीच्या, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. दाराची चौकट दिसते, दारात उभं कोण आहे ते दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही; पण कॅमेरा लावलेले चष्मे निघालेत, ते समोरचं चित्र मोठं करून डोळ्यापुढच्या इवल्या पडद्यावर दाखवतात, त्याने काही साधलं तर बघा. आणि ताईंचं मागणं एकच होतं. आमच्या खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते. नारळाला मेणाने चांदीचे डोळे आणि नथ लावून देवीचा चेहरा करतात. लग्न होऊन आल्यापासून तो चेहरा ताईंनीच मांडला होता. डोळे अधू झाल्यापासून ते काम त्यांच्या जाऊबाई करत होत्या. ताईंना पुन्हा एकदा तो आपल्या हाताने मांडायचा होता, बस.

दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन एखादा चष्मा घेऊन आला असता. साडू आधी पडद्याच्या मुळाशी गेले आणि जाताना मलाही ओढून घेऊन गेले. एकदा साड्यांच्या मार्केटात आमच्या हिला साडी घ्यायला गेलो, साडूही सोबत आले. दुकानदाराने एक छापील साडी उलगडली. साडू म्हणाले, "बघा साडूभाऊ, जुना पडदा हा असा. आधी सगळा पांढरा उजेड करायचा, मग त्यावर रंगाची गाळणी बसवायची. निम्म्याहून जास्त उजेड गाळणीतच मरतो." मग त्यांनी विणीतच रंग असलेली दुसरी साडी ओढली. "आणि नवा हा असा. धागाच रंगीत. लाल ठिपका लाल उजेड देणार, हिरवा हिरवा देणार. शिवाय आता उजेडाचे थर एकावर एक दोन रचतात." दुकानदार बिचारा मान डोलावत होता. अर्ध्या तासाने त्याने हात जोडून विचारलं, "साहेब, साडी लेवी छे के नहीं?" साडी राहिली ती राहिलीच. हिने घरी येऊन दोन दिवस अबोला धरला, तो माझ्याशी.

त्यात हे पडदे ओलीला फार भितात. आतला उजेड देणारा थर नाजूक असतो, दमट हवा शिरली की मेला. आता सुरतेत दमट नसलेली हवा आणायची कुठून? साडूंनी त्यावर उपाय काढला. बुटांच्या खोक्यात, औषधांच्या बाटलीत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्या ते गोळा करू लागले. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात नवरदेवाला नवे बूट दिले, तर हे पुढे होऊन खोकं चाचपायला लागले. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, "यांना काही हवंय का?" काय सांगणार, कपाळ? म्हटलं, सर हौशी आहेत.

आणि तो काळा रंग. त्याने तर माझं डोकं उठवलं. माझ्या घरी बसून, माझा चहा पीत, माझ्या नव्या टीव्हीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा काळा नाही, राखाडी आहे. मागे दिवा जळतोय ना, तो झिरपतो. आमच्या पडद्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. विझला की खरं काळं. तुमच्या ताईला कडा कळायच्या तर काळं खरंच काळं हवं." त्या दिवसापासून मला त्या टीव्हीवर बातम्याही राखाडी दिसतात.

यंदा एका डोळ्यांच्या दवाखान्याने नव्या पडद्यांचा चष्मा आठवडाभर वापरून बघायला दिला, आणि तो नेमका कानबाईच्या आठवड्यात. आधीचा एक चष्मा ताईंनी घालून पाहिला होता; त्याने मान दुखली आणि उन्हात काही दिसलं नाही. म्हणून साडूंनी ठरवलं, खोलीत उजेडाचा कवडसा नको. कानबाईच्या रविवारी दुपारी त्यांनी खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकली. एका खिडकीला खिळा लागेना, तर ते ब्लँकेट दोन्ही हातांनी वर धरून मला उभं केलं. चष्म्याला दमट वारा नको म्हणून पंखाही बंद. आत बायका, समई, उदबत्ती, नैवेद्याच्या रोटांचा वास आणि श्रावणातलं सुरत. मी म्हटलं, "सर, निदान दार उघडा." ते म्हणाले, "साडूभाऊ, हात खाली येतायत." जाऊबाई दोनदा बोलून गेल्या की देवी संध्याकाळच्या आत बसली पाहिजे. ताई आपल्या अहिराणीत पुटपुटल्या, "कसाले इतलं करतस तुम्ही?" पण चष्मा घालायला मान पुढे केली त्यांनीच.

चष्मा सुरू झाला. ताई नारळाकडे बघायच्या ऐवजी आधी साडूंकडे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मला कुणी सांगितलं नाही." साडूंनी मिशीवर हात ठेवला, वर्गात चूक सापडलेल्या मास्तरासारखा. मग ताईंनी एक डोळा मेणावर बसवला, जरा तिरपा बसला, आणि दुसरा हातात घेतला तोवर चष्मा विझला. तापला होता. आम्ही सगळे शिजत होतो तिथे तो काय करणार? साडू बटणं दाबत बसले. त्यांनीच खोली बंद केली, त्यांनीच वारा अडवला, आणि आता कपाळावरचा घाम त्याच चष्म्यावर गाळत होते. ओलीला भिणाऱ्या पडद्यावर.

ताईंनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. मग नारळ मांडीवर घेतला, अंगठ्याने चाचपला आणि दुसरा डोळा बोटांनी लावला, नथही लावली. हा डोळा अगदी सरळ बसला. जाऊबाई तिरपा डोळा नीट करायला पुढे झाल्या, तर साडूंनी त्यांना हाताने अडवलं. "तो तिने बघून लावलाय," एवढंच म्हणाले. मी ब्लँकेट सोडलं. हात भरून आले होते आणि डोळ्यांचंही तेच झालं होतं, घाम म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी कानबाई तशीच, एका डोळ्याने जरा बाजूला बघत, निरोपासाठी तापीवर जाऊन आली.

चष्मा दवाखान्याला परत गेला. पुन्हा नंबर कधी लागेल ते तिथे कुणी सांगत नाही, अचानक फोन करून बोलावतात. साडू म्हणतात, पुढचा पडदा थंड चालेल, उजेड कमी विजेत होईल, आणि मी पूर्वीसारखा वाद घालत नाही. कारण परवा गेलो तर हे आरशासमोर बसून मिशांना कलप लावत होते. न जाणो, फोन आला तर तयार असावं. ताई आतून ओरडल्या, "कसला वास येतोय हो?" साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काही नाही ताई, मी बुटांना पॉलिश करतोय." मग साडूंनी कलपाची बाटली माझ्यापुढे धरून हळूच विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा, हा काळा आहे की राखाडी?" राखाडीच होता. म्हणून आता कलप मी कामरेजहून आणून देतो, दोन-तीन दुकानं फिरून, उन्हात बाटली धरून बघतो आणि खात्री झाली की मगच घेतो.