पाण्यात हरलेला कूलर

इनॉक टँडी तांबट होता, आणि त्याच्याइतका हट्टी माणूस मी अख्ख्या कॉव्हेंट्री शहरात पाहिला नाही. भट्टीपुढे छत्तीस वर्षं गेली होती त्याची. आधी किटल्या, मग मोटारींच्या इंजिनाचं पाणी थंड करणारे रेडिएटर.

त्या वर्षी कारखान्याला इंजिनाचं तेल थंड करणारा कूलर हवा होता. चढावर तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि बेअरिंगं जळायची. मॅनेजर पर्स्लोसाहेबांनी नळ्यांवर शेकडो बारीक पाती असलेला देखणा कूलर आखला. इनॉकनं आपला वेगळाच केला: साध्या सात नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या आत तांब्याची पिळलेली पट्टी.

चाचणी घेणारा मी, आणि मीच तिथं माती खाल्ली. आम्ही सगळे रेडिएटरवाले. सवयीप्रमाणे दोन्ही कूलरमधून गरम पाणी सोडलं. साहेबांचा कूलर सहज जिंकला. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की इनॉकचं आता वय झालं, शनिवारी त्यानं हत्यारं गोळा करावीत.

"पाण्यानं?" इनॉक माझ्यावर खेकसला. "विल्फ, गाढवा, इंजिनात काय चहा ओततोस? तेलानं घे की परीक्षा!"

"त्यानं काय फरक पडणार, म्हातारबा?"

"मोरीत तापलेली चरबी ओतून बघ, मग बायको सांगेल काय फरक पडतो ते! थंड नळीला चिकटून बसते मेली. माझी पट्टी तिला घुसळत राहते, चिकटू देत नाही."

मला ते पटलं. साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. शिव्या खाल्ल्या, पण तेलानं चाचणी घ्यायला शुक्रवारची सकाळ मिळाली.

तीच गाडी, तेच तेल, मागे वाळूची चार पोती आणि गावाबाहेरचा दोन मैलांचा चढ. हवा अशी गार की बोटं वाकेनात. गाडीत मी, साहेब आणि इनॉक. आधी साहेबांचा कूलर. माथ्यावर पोचताच साहेबांनी त्यावर हात ठेवला आणि टुणकन उडी मारली.

"थंडगार! बघा, याला म्हणतात काम!"

मी इंजिनातल्या तेलाचा थर्मामीटर वाचला. दोनशे ऐंशी अंश फॅरनहाइट! कूलर थंडगार आणि तेल उकळतंय! पुन्हा वाचला. तेल गारठून नळ्यांना आतून चिकटलं होतं. बाकीचं तेल जसंच्या तसं तापलेलं परत इंजिनात जात होतं.

इंजिन निवू दिलं, इनॉकचा कूलर बसवला, पुन्हा खालून निघालो. एक मैल, एकशे नव्वद. दीड मैल, दोनशे पाच. माथा आला. दोनशे बारा! मी गाडीतूनच ओरडलो. इनॉकच्या कूलरला हात लावायची सोय नव्हती, इतका तो तापला होता; तेलातली उष्णता तोच ओढून बाहेर टाकत होता.

साहेबांनी स्वतः थर्मामीटर वाचला. मग टोपी काढली. माणूस गर्विष्ठ, पण अप्रामाणिक नव्हता.

"टँडी, उद्या हत्यारं गोळा करू नका. असे पन्नास हवेत मला."

मला वाटलं, म्हातारा आता मिरवेल, मला चार टोमणे हाणेल. तो मटकन गाडीच्या पायरीवर बसला आणि आपल्या भाजलेल्या, काळ्या हातांकडे बघत राहिला.

"विल्फ," तो म्हणाला, "तुमच्या त्या पाण्यानंतर मलाही वाटायला लागलं होतं रे, की माझे हात आता कामातून गेले."