मामाजींच्या घरातला वारा

कुणाचं भाऊबंदांशी वैर असतं, कुणाचं शेजाऱ्याशी, कुणाचं शेताच्या धुऱ्यावरून सबंध गावाशी. माझ्या मामेसासऱ्यांचं वैर वाऱ्याशी होतं. पंचमहाभूतांपैकी बाकीच्या चौघांशी त्यांचं उत्तम जमायचं, पाचवं मात्र घरात शिरलेलं त्यांना खपत नसे. बाहेर धानाच्या बांध्यांत, वैनगंगेच्या पात्रात वारा कितीही भणाणू दे, त्यांची हरकत नव्हती. "त्याचं घर हाये ते, खुशाल हिंडो ना बापा," म्हणायचे. पण उंबऱ्याच्या आत त्याचं बोटभर टोक आलं की मामाजी बसल्या जागचे उठलेच. आल्यागेल्याला सारं जग "या, बसा" म्हणतं, मामाजी आधी "दार!" म्हणायचे. पाहुण्यानं दार लावलं, खालची फट पायानं चाचपून पाहिली, की मग "या, बसा". माझ्या लग्नाच्या बोलणीला ते मुलीचे मामा म्हणून आले होते. बाकीच्या मंडळींनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मामाजींनी एवढंच विचारलं, "घराचं तोंड कुठी हाये?" मी म्हटलं, उत्तरेला. त्यावर त्यांनी आपल्या भाचीकडे इतक्या करुणेनं पाहिलं की ठरलेलं लग्न मोडतंय की काय, असं मला वाटून गेलं.

लग्नानंतर माझी बदली सावली नावाच्या मोठ्या गावाजवळ, त्यांच्याच गावच्या शाळेत झाली. तेव्हा जिल्हा एकच होता, चांदा. आणि जंगल गावाच्या पाठीला इतकं टेकलेलं, की दिवस बुडाला की थंडी झाडांतून उतरून थेट अंगणात यायची. घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहा, असा मामाजींचा आग्रह पडला आणि तो सबंध हिवाळा आम्ही दोघं त्यांच्याकडे काढला. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, सागवानी दारं. आजोबांनी जीव ओतून बांधलं असेल, पण माती भेगाळली होती, दारं आखडली होती, कवेलू माकडांनी हलवले होते, आणि वारा त्या घरात मालकासारखा वावरत होता.

आता हसू येतं, पण या वैराला कारण होतं. मामींना दमा होता. दिवाळी झाली, धान कापून झालं, की पहिल्या थंडीबरोबर त्यांचा श्वास भात्यासारखा वाजायला लागे आणि लेक त्यांना चांद्याला आपल्या पक्क्या घरात घेऊन जाई. परत यायच्या त्या शिमग्याला. तोवर मामाजी एकटे. स्वतःच भात शिजवायचे, मीठ टाकायला विसरायचे, आणि "मले काय, मी मजेत हावो" असं न विचारता सांगत गावभर हिंडायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की घर असं बुजवायचं की मामींना जावंच लागू नये. लेकीनं बजावलं होतं, "संकरातीले येईन. मायचा श्वास वाजताना दिसला, तं त्याच बैलबंडीत घालून नेईन." मामाजींनी तिच्यासमोर मान डोलावली. ती गेल्यावर मला म्हणाले, "जवाईबापू, यंदा ह्या घरात वारा दिसला, तं नाव बदलवून देईन."

पण वारा दिसत नाही, हीच तर खरी अडचण! मामाजींनी त्यावर तोड काढली होती. भर दिवसा मातीच्या तेलाची चिमणी पेटवायची आणि ती भिंतीला लावत लावत सबंध घर फिरायचं. ज्योत सरळ तर भिंत शहाणी. ज्योत वाकली की मामाजी चोर धरल्यासारखे ओरडायचे, "सापडला! जवाईबापू, चिखल!" आणि मी, या घरचा जावई, ज्याला पाटावर बसवून ताटाला रांगोळी काढायची, तो कोपरापर्यंत चिखलात बरबटलेला, टोपलं घेऊन धावायचो. हा चिखल म्हणजे काही साधा चिखल नव्हे. त्यात बारीक तोडलेली तणस, शेण, धानाचा कोंडा, आणि प्रमाण असं की मामींच्या पुरणालासुद्धा मामाजींनी एवढं लक्ष दिलं नसेल. ही सवय इतकी हाडात भिनली होती की शेजारच्या सत्यनारायणाला गेले असता त्यांनी पूजेतली उदबत्ती उचलली आणि धूर कुठं वळतो ते पाहत यजमानाच्या चारही भिंती पालथ्या घातल्या. भटजी पोथी उघडून तिष्ठत बसलेले. शेवटी मामाजी उदबत्ती देवापुढं ठेवून म्हणाले, "चालू द्या. देवाच्या पाठीशी मोठी फट हाये, पर ते उद्या पाहू."

मातीनं न बुजणाऱ्या बारीक फटींसाठी त्यांना लाख लागायची. ती जंगलातल्या गावची एक बाई बाजाराच्या दिवशी डोक्यावर घेऊन यायची. तिनं पहिल्यांदा विचारलं, "एवढी लाख? बांगड्या भरून राह्यले का भाऊ, बाईले?" मामाजी गंभीरपणे म्हणाले, "नाई वं, खिडकीले." बाई पुढं महिनाभर त्यांना पाहिलं की पदरात तोंड लपवून हसायची आणि मूठभर लाख जास्तच द्यायची. लाखेनं भागलं नाही की चिंध्या. जुनी धोतरं गेली, मामींचं एक लुगडं गेलं, आणि एक दिवस माझा मफलर दिसेनासा झाला. सासऱ्यांनी पहिल्या दिवाळीला दिलेला, लोकरीचा! दोन खोल्या आणि अंगण हुडकल्यावर तो मागच्या खिडकीच्या चौकटीत ठासलेला सापडला, वरून छान सारवलेला. मी काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "गळ्यापरीस खिडकीले गरज होती." वर माझ्या गळ्याकडे असं पाहिलं, की गळ्यानंच काही आगळीक केली असावी.

अखेर घर बुजलं. इतकं बुजलं की पुढचं दार जोरात लोटलं की मागचं दार आपोआप उघडायचं. मामाजी खुशीत येऊन आल्यागेल्याला तो चमत्कार दाखवायचे. पण घर बुजल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामींनी सकाळी चूल पेटवली आणि धुराला बाहेर जायला वाटच राहिली नाही! आम्ही सगळे खोकत, डोळे पुसत अंगणात. मामी पाठमोऱ्या, कडुनिंबाला धरून धापा टाकतायत. शेजारी पाण्याच्या घागरी घेऊन धावत आलेले. "आग कुठी हाये?" त्यांनी विचारलं. मामाजी खोकताखोकता म्हणाले, "आग नाई, घर पक्कं झालं!" पण मामींची ती धाप पाहून त्यांचा चेहरा उतरला. जेवले नाहीत. तिन्हीसांजेला निमूटपणे स्वतः शिडी लावली, चुलीवरचे कवेलू काढले आणि दोरी ओढली की झाकण पडेल असं धुराडं केलं. आपल्याच हातानं घराला भोक पाडताना त्यांच्या तोंडून "अरेरे" निघत होतं.

त्यानंतर मात्र मामींचा श्वास खरोखर निवला. धूर वर जायचा, ऊब आत राहायची, रात्री खोकल्याची उबळ नाही. पौष लागला तरी भाता वाजेना. मामाजींची छाती फुगली. आणि त्या भरात त्यांनी चिमणी शेवटच्या भिंतीला लावली.

ही भिंत म्हणजे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला कुड. बांबूच्या तट्ट्याला दोन्हीकडून माती थापलेली, आणि बसल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर सुपारीएवढं एक भोक. मामी जुन्या वळणाच्या. पुरुषमाणसं बसली असताना बैठकीत यायच्या नाहीत, जावयासमोर तर नाहीच. त्यांचा सारा कारभार त्या भोकातून चालायचा. आधी बांगड्या वाजायच्या, मग आवाज यायचा, "आयकलं का? जवाईबापूले च्या पायजे का, इचारा." मामाजी मान न वळवता हुं म्हणायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं काय केलं, कोणत्या पाहुण्याला जेवायला थांबवायचं आणि कुणाला नाही, सगळं तिथूनच. मामाजी बसायचेही कायम त्या भोकाला कान लावून. लोकांना वाटे, त्यांना टेकायला भिंत लागते. त्या भोकाशी ज्योत वाकली. मामाजी क्षणभर थबकले. "घरातल्या घरातला वारा हाये," मी म्हटलं. "वारा तो वारा," असं म्हणून त्यांनी चिखलाचा गोळा तिथं थापला.

त्यानंतर दोन-चार दिवसांत मूल गावाहून त्यांच्या व्याह्याकडची मंडळी आली. मामाजींनी त्यांना चिमणी घेऊन सबंध घर दाखवलं, दारांचा चमत्कार दाखवला आणि म्हणाले, "आता च्या घेतल्याबिगर उठाचं नाई." इकडे स्वयंपाकघरात मांजरीनं दूध पिऊन टाकलं होतं. मामींनी बांगड्या वाजवल्या, भिंतीला सांगितलं, मग पळी आपटली. आमच्या बाजूला नुसतं दबकं धपधप. मामाजी कौतुकानं म्हणाले, "पाहा, कोनाच्या घरी धान कांडून राह्यले, पर आवाज कसा दूर गेला!" पाहुणे उठू लागले. "च्या!" मामाजींनी बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा "च्या!" ऊन कलायला आलं. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, आणि तेवढ्यात आतलं दार उघडून मामी बैठकीत आल्या. व्याह्यांसमोर, जावयासमोर, उभ्या जन्मात पहिल्यांदा. डोक्यावर पदर, हातात दुधाचं रिकामं भांडं.

"दूध मांजरीनं पेलं. मी मघापासून भिताडाले सांगून राह्यलो," त्या म्हणाल्या. "माह्यासाठीच केलं ना तुमी हे सारं? श्वास तं घेता येते आता. पर बोलू कोनासंग? तिकडं लेक तं हाये बोलाले. मी उद्या चांद्याले जातो."

पाहुणे पायात वहाणा घालून कधी सटकले ते कळलंही नाही. त्यांनी दार उघडं टाकलं होतं आणि मामाजींचं तिकडे लक्ष नव्हतं, यावरून काय ते ओळखा. ते उठून कुडापाशी गेले. मग लोखंडाची सळई आणून त्यांनी आपणच थापलेला चिखल टोकरून काढला. सागाचा तुकडा तासून नेमकं त्या भोकात बसेल असं बूच केलं, त्याला सुतळी बांधली आणि आत जाऊन मामींच्या बाजूला टांगलं. "फट तुही, बूच तुहं," ते म्हणाले. "बोलाचं असन तवा काढ. थंडी वाजन तवा लाव." येऊन आपल्या जागी टेकले. आत एक भांडं सरकलं. मग बांगड्या वाजल्या आणि भोकातून आवाज आला, "दार लागलं नाई वाट्टे. वारा येऊन राह्यला." मामाजी तरण्या पोरासारखे धावत दाराकडे गेले.

संक्रांतीला लेक बंडी घेऊन आली. मायच्या पाठीला कान लावला, पुन्हा लावला, तिळगूळ खाल्ला आणि एकटीच परत गेली. मामाजी तिला पोचवायला शिवेपर्यंत गेले, आणि परत आल्यावर दार लावायलाच विसरले.

पुढं माझी बदली झाली. निघताना मामाजींनी खिडकीतून मफलर उपसला, झटकला आणि परत दिला. धुतल्यावरही त्याचा सारवणाचा वास गेला नाही. त्यानंतरचे सगळे हिवाळे मामींनी आपल्या घरीच काढले. गेल्या त्या ऐन वैशाखात, साध्या तापानं. दम्यानं त्यांना नेलं नाही, एवढं यश मामाजींच्या पदरात पडलं.

त्यानंतरच्या पौषात आम्ही त्यांना भेटायला गेलो. दिवेलागण झाली होती. "दार!" आतून आवाज आला, मला बरं वाटलं. मामाजी नेहमीच्या जागी, कुडाला कान टेकून बसले होते. चूल थंड होती. बायकोला हुडहुडी भरली, म्हणून मी गारवा कुठून येतो ते पाहत स्वयंपाकघरात गेलो. धुराड्याचं झाकण लागलेलं होतं. बूच तेवढं सुतळीला लोंबकळत होतं आणि भोकातून बैठकीतल्या चिमणीचा उजेड येत होता. मी बूच हातात घेतलं, भोकाशी नेलं, तोच पलीकडून मामाजींचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला.

"राहू द्या, जवाईबापू. तिथून वारा नाई येत."

मी बूच सोडून दिलं. बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसलो. चिमणीची ज्योत आडवी वाकली होती. ते तिच्याकडे पाहत होते, मीही पाहत होतो. मी मफलर कानावर ओढून घेतला.