चंद्रापल्याड

"ओव्हर द मून! आय ॲम ओव्हर द मून!"

शाळेच्या छपराच्या टिनांवर उभे राहून आमचे इंग्रजीचे सर ओरडत होते. आवाज असा, की तळ्यात बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात कुणीतरी 'ओ' दिली. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

शब्द जपून वापरणारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण आमच्या सरांनी हे एक वाक्य नोकरीभर कडीकुलपात ठेवलं होतं. फळ्यावर लिहायचे, स्वतःसाठी कधी वापरायचे नाहीत. "आनंद येवढा पाह्यजे, का मानूस चंद्र ओलांडून पल्याड पडला पाह्यजे!" एका पोरानं निबंधात लिहिलं, बकरी व्याली आणि आय वॉज ओव्हर द मून. सरांनी लाल पेनानं खोडलं. "बकरीले 'हॅपी' बस झालं बे!"

स्वतःला बढती मिळाली तेव्हा 'हॅपी'. मुलीच्या लग्नात, डोळे पुसत, 'व्हेरी हॅपी'.

सर आता नाहीत, म्हणून मी जरा वाढवून सांगतो. असते तर हेही खोडलं असतं.

त्या जूनमध्ये आमच्या मराठी शाळेच्या पहिलीत एकही नाव नव्हतं. शेवटच्या तारखेपर्यंत एक तरी पोर आलं नाही तर शाळा बंद, असा हुकूम. सर दारोदार फिरले. एका म्हातारीनं विचारलं, "गुर्जी, तुमची पोरगी कोन्त्या शाळेत शिकली जी?"

इंग्रजी शाळेत. सर तिथूनच माघारी फिरले, ते पुन्हा कुणाच्या दारी गेले नाहीत. मुलगी जवळच्याच आदिलाबादेत कारकून, नात शाळेत जायच्या वयाची. पण मुलीला फोनही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

शेवटचा दिवस. सकाळचं आभाळ, त्यात पापडासारखा पातळ चंद्र. शाळेची पाटी उतरवायला सर टिनांवर चढले. मी, गणिताचा मास्तर, खाली कोरं रजिस्टर धरून. तेवढ्यात फाटकातून स्कूटी आली. सरांची मुलगी, आणि पुढं उभी नात.

"नाव लिवा, काका," ती मला म्हणाली.

तेव्हाची ती आरोळी. शपथेवर सांगतो, सरांचे पाय टिनांपासून वीतभर वर होते, आणि तो चंद्र त्यांच्या चपलांखालून सावकाश सरकत गेला. सगळं गाव घटकाभर तसंच तरंगत राहिलं.

मग सर खाली आले. "काऊन आनली वं माय इकडं?"

स्कूटी स्टँडला लावत ती म्हणाली, "तिकडच्या इंग्रजी शाळेची बस सातले येते, बाबा. पोट्टी उठत नाही."