मेजरसाहेबांच्या मापाचं चिलखत

कारगिलनंतर तीनेक वर्षांनी आमची कंपनी कुपवाड्याच्या डोंगरात होती. मी हवालदार, गाव दापोलीजवळचं बुरोंडी, घरचा धंदा मासेमारी. काम रोजचंच. सकाळी रस्ता तपासायचा, दुपारी गस्त, मिळेल तेव्हा झोप. मी इतका शिणलो होतो की रजेचे दिवस मोजणंही सोडलं होतं.

त्या हिवाळ्यात मेजरसाहेबांसाठी एक नवं बुलेटप्रूफ जॅकेट आलं. ट्रायलसाठी एकच नग, खास साहेबांचं माप घेऊन बनवलेला. कॉलरमध्ये वायरलेस, पुढेमागे सिरॅमिकच्या प्लेटा आणि बगलेखाली एक लाल दोरी. माणूस जखमी झाला की ती ओढायची, अख्खं जॅकेट क्षणात सुटायचं. पोरं त्याला चिलखत म्हणायची. आमची जॅकेटं त्यापुढे गोणपाट.

आमच्या कंपनीत एक रीत होती. घराच्या झडतीला दारातून जो पहिला आत जाणार, त्याच्या अंगात सगळ्यांत चांगलं जॅकेट. एका सकाळी अशीच झडती निघाली, पहिला नंबर लान्स नाईक सुहासचा होता. वय चोवीस, गाव दापोलीच्या वरच्या अंगाला, म्हणून माझ्यावर जरा जास्तच हक्क सांगायचा. साहेबांनी चिलखत उतरवून त्याला दिलं.

साहेब सहा फुटी आणि आडवे. सुहास म्हणजे सुका बोंबील. चिलखत दोन्ही बगलांना उघडं राहत होतं.

"हवालदार, ह्यात माज्यासंगती आनखी येक मानूस मावंल," तो म्हणाला.

मी नायलॉनच्या दोरीने बगला आवळल्या. गाठ मारली ती जाळ्याची, आम्हा मच्छीमारांचा हात आपोआप तीच मारतो. भिजली की ती आणखी आवळते. लाल दोरी त्या बांधणीखाली दबली. मला दिसलं होतं. पुन्हा सोडून बांधायचा कंटाळा आला, हे खरं कारण.

वाटेतला ओढा आम्ही कमरेभर पाण्यातून ओलांडला. सुहास मध्येच घसरला, खांद्यापर्यंत भिजला. सात वीसला तो दारातून आत गेला. माझ्या सेटवर त्याचा आवाज आला.

"उजवी खोली रिकामी. डावीकडे जातो."

मग गोळ्यांचा बर्स्ट. आम्ही आत घुसलो, आतल्या अतिरेक्याला पाडलं आणि सुहासला बाहेर ओढलं. दोन गोळ्या छातीच्या प्लेटेने अडवल्या होत्या. तिसरी बगलेतून आत गेली होती. नर्सिंग असिस्टंटने लाल दोरी ओढली. पुन्हा ओढली.

"सुटत नाही. कुणी बांधलंय हे?"

"मी."

गाठीचा दगड झाला होता. बेयोनेटने कापेपर्यंत चार मिनिटं गेली. सुहास माझ्याकडे बघत होता. हेलिकॉप्टर यायच्या आत गेला.

डॉक्टर म्हणाले, चार मिनिटांनी फरक पडला नसता. साहेबांनी रिपोर्टमध्ये गाठीचा उल्लेख केला नाही. दोघेही भली माणसं. मला दोघांचंही पटलेलं नाही.

रजेवर आलो तेव्हा एसटीने त्याच्या घरी गेलो. वडील अंगणात बसले होते, साहेबांच्या पत्रातून त्यांना चिलखताचं कळलं होतं.

"ता चिलखत व्हता ना त्याच्या आंगात?" त्यांनी विचारलं.

"होतं," म्हणालो, आणि गाठीचं सगळं सांगितलं. कंटाळ्यासकट.

त्यांनी उठून घराचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या आवशीला ह्या सांगू नको."

सुहासच्या आईने मला जेवायला बसवलं.

"शेवटाला त्याच्याजवल कोन व्हता?"

"मी होतो."

"मग बरा झाला," ती म्हणाली, आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दरवर्षी सुहासच्या दिवसाला मी तिथे जातो. आई वाढते, मी जेवतो. वडील तेवढा वेळ अंगणात थांबतात.