करपलेलं खोबरं

दुपारची जेवणं उरकून मी घटकाभर आडवी झालेय. डोळा लागतोय न लागतोय तोच आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उशाशी येऊन बसतात. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे हात मात्र आता थरथरत नाहीत.

"शालन, औंदा मसाला केला न्हाईस? चैत संपत आला की."

"करायचाय," मी म्हणते. मिरच्या, धणे, खोबरं, सगळं पिशवीत तसंच पडलंय. का, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

उठून बसते तर आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात. बाकड्यापाशी चूल पेटलीय, आत्याबाई कढईत खोबरं परततायत. नर्सबाया वळसा घालून जातात, कुणी काही बोलत नाही. आत्याबाई कढईत बघतच नाहीत. त्या नाकानं भाजायच्या. अख्खी गल्ली त्यांना मसाला भाजायला बोलवायची. आणि एका वर्षी त्यांनी सगळं खोबरं काळंकुट्ट केलं. मी तोंडाची फटकळ. उलथणं हिसकावून म्हणाले, "वय झालं तुमचं, आता गप बाजूला बसा." दोन वर्षांनी त्यांचा हात कापायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि विचारलं, यांना वास यायचा कधी बंद झाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आत्याबाई, चुकले हो मी."

"अगं, मलाबी वयच वाटलं. हसतील म्हणून बोलले न्हाई." त्या माझ्याकडे रोखून बघतात. "तू सांगितलंस का कुणाला?"

गेल्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं. मी शेजारीच उभी होते.

"म्हातारपणानंबी नाक जातं, शालन. त्या आजारानंबी जातं. सुरुवातीला दोघांचं तोंड सारखंच दिसतंय. कोण कुठलं ते डॉक्टर बघंल. तू कशाला ठरवतीस?"

"भीती वाटते हो."

"वाटणारच की." त्या माझ्या हातात एक तुकडा ठेवतात, वरून माझी मूठ मिटतात. "घे, वास घे."

जाग येते. मूठ अजून आवळलेली. उघडते, तर आत खोबऱ्याचा काळा तुकडा. नाकाशी नेते. काही नाही. पुन्हा नेते. काही नाही.

रडू येतं. तशीच उठते आणि सुनेला हाक मारते. "प्राजक्ता, याचा वास बघ गं जरा."

"ई! केवढं जळलंय हे, आई!" ती नाक मुरडते, मग थांबते. "तुम्हाला नाही येत?"

"नाही गं," मी म्हणते. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."